नानांचा एकपानी बिबडा

आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी आली की लोक भरलेली बादली घेऊन बाहेर येतात आणि रिकामी बादली घेऊन आत जातात. नाना रिकाम्या हातांनी बाहेर येतात आणि भरलेल्या हातांनी आत जातात.

"नाना, आज तुमच्या कामाचं काही नाही हो," गाडीवरची मंगलाबाई लांबूनच ओरडते.

"ते तू ठरवू नको," असं म्हणत नाना पायजमा वर खोचतात आणि गाडीत वाकतात.

एकदा त्यांनी त्या गाडीतून एका बंद पडलेल्या टॉकीजच्या काचेच्या स्लाइड काढल्या होत्या. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सूचना दाखवायचे ना, त्या. एका काचेवर लिहिलं होतं, 'शांतता राखा.' नाना भर रस्त्यात ती काच उन्हाकडे धरून वाचत उभे राहिले. मागे रिक्षा थांबल्या, हॉर्न सुरू झाले. नाना शांतपणे वळले आणि ती काच त्यांनी रिक्षावाल्यांसमोर धरली.

नाना म्हणजे आमच्या धुळ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संग्रह विभागाचे सर्वेसर्वा. ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि दुसऱ्या दिवशी नाना नेहमीच्या वेळी कामावर हजर. समारंभाची पत्रिका, हाराचा दोरा आणि भाषणांची कॅसेट नोंदवायची राहिली होती म्हणे. ती नोंद अजून पुरी झालेली नसावी, कारण ते अजून येतात. हाराच्या दोऱ्याला मात्र नंबर पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

मी त्याच ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. माझं गाव नरडाण्याच्या पुढे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पहिल्या दिवशी मी ग्रंथालयाच्या दारात चपला काढून उभी राहिले होते. आतून नाना म्हणाले, "चपला घाल वं माय. हे देऊळ नई शे. आणि बाहेर ठेवशील तर देवळासारख्याच जातील." मग त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली. त्याच खुर्चीवर बसून मी पदवीपर्यंत अभ्यास केला. त्यामुळे नानांबद्दल मी लिहिताना कुठे जास्त प्रेमाने लिहिलं गेलं तर वाचकांनी समजून घ्यावं.

संग्रह विभाग ही मोठी भारदस्त गोष्ट आहे असं मला तेव्हा वाटायचं. जुने ग्रंथ, हस्तलिखितं, थोर लोकांचा पत्रव्यवहार. ते सगळं तिथे आहेच. पांझरा नदीच्या फडांचा कापडावर काढलेला नकाशा आहे. कोणत्या शेताला पाटाचं पाणी कधी जायचं ते त्यात रंगवून दाखवलंय. कापसाच्या जातींचे पुठ्ठ्याला चिकटवलेले नमुने आहेत, केळीच्या वखारींचे शिक्के आहेत, लग्नातल्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी आहेत. एका कॅसेटमध्ये हळदीचं गाणं ऐन रंगात असताना एक बाई म्हणते, "अय, गॅस बंद कर!" मी विचारलं, हे कापायचं का? नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी नवरीलाच कापा म्हटलं होतं. कॅसेटवरच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं आहे, 'हळदीचे गीत. मध्ये गॅसविषयी सूचना.'

नानांचं एकच धोरण. "फेकू नका, नोंदवा."

'येथे थुंकू नये' असा पत्र्याचा जुना बोर्ड आमच्याकडे आला, तेव्हा त्या सूचनेला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं उत्तर त्याच्यावर वाळलेलं होतं. शकीलभाई बादली आणि ब्रश घेऊन आले. नाना बोर्डासमोर आडवे झाले. "खबरदार! बोर्ड हा अर्धाच पुरावा शे. डाग धरून पुरा होतो."

"नाना, मेरे को उलटी होगी," शकीलभाई म्हणाले.

"ती बाहेर करा. ती नोंदवायची नई."

शकीलभाई आमचे बाइंडर. त्यांचे वडील आणि आजोबाही जुन्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचे. खोलीच्या कोपऱ्यात त्यांची गॅसची छोटी शेगडी आहे, तिच्यावर ते मैद्याची खळ शिजवतात. खळीला ते कुणाला हात लावू देत नाहीत. नाना आणि शकीलभाई दिवसभर भांडतात आणि एका डब्यातून जेवतात.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण कवळीचं. एक जुने प्राध्यापक वारले. त्यांच्या मुलाने त्यांची ट्रंक आम्हाला भेट दिली. कागद, फोटो, धोब्याच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी. नानांनी कवळी पुसली, डबीत ठेवली, आणि नोंद केली, 'कवळी, वरची. खालची मिळाल्यास कळवावे.' पंधरा दिवसांनी प्राध्यापकांच्या पत्नी रिक्षाने आल्या. तोंडावर पदर. त्या पदराआडून म्हणाल्या, "नाना, माझे दात द्या." पंधरा दिवस बिचारी बाई खिचडी खात होती. नानांनी कवळी परत दिली, पण पोच लिहून घेतली, आणि वर विचारलं, "काकू, वापर संपल्यावर पुन्हा आमच्याकडेच ना?" काकूंनी तिथेच कवळी बसवली आणि नानांना जे काही ऐकवलं ते स्वच्छ ऐकू आलं.

मोबाइल आल्यावर लोकांना वाटलं, नानांचं आता संपलं. उलट वाढलं. त्यांच्या फोनमधली जागा कायम भरलेली असते, कारण ते 'शुभ सकाळ' पुसत नाहीत. त्यातही वर्ग आहेत. गुलाब दवासह, गुलाब दवाविना, चहाचा कप, देव. चाळीसगावच्या एका साडूंनी त्यांना एकच गुलाब रोज पाठवायला सुरुवात केली, तेव्हा नानांनी त्यांना फोन करून विचारलं, "आवृत्ती बदलली का? नई ना? मग पुनर्मुद्रण काबर पाठवता?"

आता बिबड्याकडे येते. बिबडा आमच्या खानदेशाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगते. ज्वारीचा घाटा शिजवतात, त्यात तीळ, लसूण, मिरची, मीठ. खाटेवर ओलं धोतर किंवा जुनी साडी पसरतात आणि त्यावर तो घाटा ओल्या हाताने थापतात. उन्हात वाळला की कापड मागून भिजवून सोडवायचा. झाला बिबडा. पापडाचा रांगडा थोरला भाऊ म्हणा. वर्षभर टिकतो. पाहुणा आला की भाजून, तेल लावून, शेंगदाण्यांबरोबर द्यायचा.

आमच्या संग्रह विभागात एक बिबडा आहे. म्हणजे होता.

काचेच्या बरणीत, कडुलिंबाच्या पाल्यात आणि वेखंडाच्या कांड्यांमध्ये ठेवलेला. त्याची नोंद 'एकपानी दस्तऐवज. ज्वारी. दोन्ही बाजू भरलेल्या.' मी नवीन असताना मला वाटलं नाना गंमत करतात. त्यांनी बरणी उघडून दाखवलं. खालच्या बाजूला धोतराचं विणकाम जसंच्या तसं उठलेलं, एका ठिकाणी धोतराला घातलेलं ठिगळसुद्धा. वरच्या बाजूला थापणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे. चार बोटं, पुन्हा चार बोटं, गोल गोल.

"कोणाचा आहे?"

"मनी मायना. शेवटला." मग बरणी बंद करत नाना म्हणाले, "या खोलीत बठ्ठा, अगदी सगळा पत्रव्यवहार शे. वकिलाचा, मास्तरचा, पुढाऱ्याचा. मायले सही येत नव्हती. तिचं काय ठेवू मी, सांग?"

माझ्या आईलाही सही येत नाही. मी त्यानंतर त्या नोंदीला हसले नाही.

प्राचार्य मात्र हसत नव्हते आणि समजूनही घेत नव्हते. त्यांना ती खोली स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी हवी होती. माणूस वाईट नाही. मुलांना बसायला जागा नव्हती हेही खरं. शेवटी ठरलं की बाहेरून एक समिती येईल, संग्रह पाहील, आणि तो कामाचा असेल तर खोली नानांकडे राहील. नसेल तर चांगल्या वस्तू जळगावला विद्यापीठात आणि बाकीच्या घंटागाडीत.

"म्हणजे माझ्याकडेच परत," नाना म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

समितीच्या आदल्या दिवशी प्राचार्य पाहणीला आले. कवळीची पोच बघून त्यांनी डोळे मिटले. डागांच्या बोर्डापाशी श्वास रोखला. बिबड्यापाशी थांबले.

"नाना, हा उद्या कपाटात. समिती हसेल. तुमचीच खोली जाईल."

"हसू द्या. पण पाहू द्या. बाकीचं बठ्ठं दुनियेत कुठं ना कुठं सापडेल. हे नई सापडणार."

"अहो, बिबडा आहे तो! माझ्या घरी डबाभर आहेत!"

"त्यावर कोणाची बोटं शेत, पाहिलं कधी?"

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मग थकून म्हणाले, "करा काय करायचं ते. पण खानदेशी पाहुणचार नीट झाला पाहिजे. केळी, शेंगदाणे, सगळं याच खोलीत मांडा. वेळ कमी आहे."

इथेच सगळं ठरलं, पण आम्हाला कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी लांब टेबलावर वस्तू मांडल्या. नकाशा, स्लाइड, शिक्के, कॅसेटी. टेबलाच्या टोकाला बिबडा. बरणीतून तो नीट दिसत नाही म्हणून स्टीलच्या ताटात पांढरा कागद घालून त्यावर ठेवला. मुंग्यांची भीती म्हणून वर जाळीचं झाकण घातलं, घरी पोळ्यांवर घालतात तेच. नोंदीची चिठ्ठी शेजारी. आणि त्याला लागूनच, प्राचार्यांच्या आज्ञेनुसार, केळी आणि शेंगदाणे.

समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे पुण्याकडचे एक वयस्क, मृदू बोलणारे गृहस्थ. आल्यापासून त्यांना सगळं आवडत होतं. फडाच्या नकाशावर ते इतके वाकले की चष्मा पाटात पडला. 'मध्ये गॅसविषयी सूचना' वाचून मोठ्याने हसले. आमच्या जिवात जीव आला. नाना दोन सदस्यांना घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात टेपरेकॉर्डर ऐकवायला गेले, प्राचार्य त्यांच्या मागे. मी शिडीवर चढून वरच्या कप्प्यातला दुसरा नकाशा काढत होते. खाली अध्यक्ष आणि शकीलभाई.

वरून मी पाहिलं, अध्यक्षांनी जाळी उचलली.

"सर, नको!" मी ओरडले.

"अहो, संकोच नका करू. इतक्या प्रेमाने ठेवलंय," असं म्हणून त्यांनी एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला.

मी नकाशा छातीशी धरून शिडी उतरू लागले. एक हात नकाशाला, एक शिडीला. आता हेही खरं आहे की तो बिबडा नानांच्या आईचा हे शकीलभाईंना माहीत होतं. पण त्यांनी तो इतकी वर्षं बरणीतच पाहिलेला. ताटात, केळ्यांशेजारी, जाळीखाली ठेवलेला बिबडा तोच असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं की पुण्याचा पाहुणा आपल्या गावात कच्चा बिबडा खातोय.

"अरे साहब! कच्चा? धुळ्याची इज्जत जाएगी!"

त्यांनी ताट ओढून घेतलं, खळीचं भांडं शेगडीवरून उतरवलं, आणि माझा पाय शेवटच्या पायरीवरून जमिनीवर येईपर्यंत बिबडा ज्योतीवर फुलायला लागला होता. आता थांबवून काही उपयोग नव्हता. शकीलभाईंनी तो सराईतपणे उलटापालटा केला, बोटाने तेल फिरवलं आणि शेंगदाण्यांसकट अध्यक्षांच्या पुढे ठेवला. अध्यक्ष कुडुम कुडुम खाऊ लागले.

"वा! काहीतरी औषधी चव आहे का याला?"

"हमारे यहां ऐसेच बनता," शकीलभाई अभिमानाने म्हणाले. ती वेखंडाची चव होती.

भाजलेल्या ज्वारीचा वास व्हरांड्यात गेला. बाहेरून नानांचा आवाज आला, अगदी खुशीतला. "कोण भाजतंय रे बिबडा? माणसानं माणसाला विचारावं तरी!" आणि ते हसत हसत आत आले.

मग त्यांनी रिकामी जाळी पाहिली.

शकीलभाईंनी नानांचं तोंड पाहिलं, मग चिठ्ठी पाहिली, आणि ते मटकन स्टुलावर बसले. "या अल्ला. नाना. बरणीवाला?"

अध्यक्षांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मीच सांगितलं, जमेल तसं. शेवटचा घास नुकताच त्यांच्या तोंडात गेला होता. ते चावायचे थांबले. आता गिळावं की नाही हे त्यांना कळेना. एका माणसाच्या आईची शेवटची खूण गालात धरून एवढा मोठा विद्वान लहान मुलासारखा उभा होता. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

"गिळा सर," नाना म्हणाले. "अडकेल."

अध्यक्षांनी गिळलं. "मी... मला कसं सांगावं कळत नाही. मला क्षमा करा."

नाना टेबलाला धरून उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. बसच्या फाटक्या तिकिटासाठी त्यांनी एकदा डेपो मॅनेजरला सुनावलं होतं. पण ते अध्यक्षांच्या अगदी जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, एक विचारू? मीठ बराबर व्हतं का?"

"मीठ?"

"खरं सांगा. मनासाठी गोड बोलू नका."

अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जास्त होतं. बरंच."

नानांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या उन्हाळ्यात आईला दिसेनासं झालं होतं. तरी ती गल्लीतल्या बायांना बोलावून बिबडे थापत होती. मीठ टाकलं की नाही हे तिला आठवेना. जिला विचारावं ती म्हणे, "झकास शे, आक्का." तिचा विश्वास बसेना. नाना तेव्हा चाळीसगावला, एका मयत वकिलाच्या घरचे कागद आवरायला गेलेले. तिने फोन केला. "बठ्ठ्या मनं मन राखतस. तू ये, खा, नि खरं सांग." नाना म्हणाले, आलोच, दोन कपाटं राहिलीत. ते आले तेव्हा घरात माणसं जमली होती. दिवसकार्याच्या पाहुण्यांनी सगळे बिबडे संपवले. डब्याच्या तळाशी एक राहिला.

"तो खाल्ला असता तर कळलं असतं," नाना म्हणाले. "पण मग उरला नसता."

बाहेर टेपरेकॉर्डर तसाच चालू होता, त्यातली बाई गॅस बंद करायला सांगत होती. शकीलभाई उठले आणि खरोखरच शेगडी बंद करून आले.

जाताना अध्यक्ष प्राचार्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "खोली यांच्याकडेच राहू द्या. मी तसं लिहितो." दारात थांबून पुढे म्हणाले, "पण खाऊ वेगळ्या खोलीत ठेवत जा हो." प्राचार्यांनी मान हलवली. ते स्वतः केळ्यांचं ताट उचलून घेऊन गेले.

गाडी गेली. शकीलभाई खाली मान घालून शेगडीपाशी काहीतरी शोधत होते. शेगडीच्या कडेला करपलेला एक तुकडा चिकटून राहिला होता, नखाएवढा. त्यांनी तो तळहातावर घेऊन नानांपुढे धरला. डोळे भरलेले.

मी कपाटातून छोटं पाकीट काढलं, पेन्सिल घेतली. "नाना, काय लिहू? जुनाच नंबर द्यायचा की नवा?"

नानांनी तुकडा चिमटीत घेतला. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. आणि तोंडात टाकला.

बराच वेळ ते चघळत होते. मी पेन्सिल धरून उभी.

"दोनदा टाकेल शे मीठ," ते म्हणाले. "बठ्ठी गल्ली तिले खोटं बोलनी." मग शकीलभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाणी द्या हो. भलतंच खारट शे, माय."